नंदीच्या शिंगाआडून

"फोटो चांगले काढते वं ते. पण पाहून वाटते, हे पोरगी तिथं होतीच नाही. खिडकीतून काढल्यासारखे."

काका ग्रुपमधल्या माधुरीताईंना सांगत होते. मी त्यांच्या मागेच चहाचे ग्लास घेऊन उभी होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

आमचा फोटो काढणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे. रविवारी सकाळी प्रताप नगरमधल्या एका तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जमतो. काका बँकेतून रिटायर झालेले, ग्रुप त्यांनीच सुरू केलाय आणि नियमही त्यांचाच — प्रत्येकाने आपला एक फोटो प्रिंट करून आणायचा आणि तो का काढला ते उभं राहून सांगायचं. जो बोलणार नाही, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. मी आल्यापासून चहा मीच पाजतेय. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठीत बोलायची सवय नाही, असं मी सांगते. खरं म्हणजे मी इंग्लिशमध्येही बोलले नसते.

काकांचं वाक्य लागलं, कारण ते खरं होतं. घरी येऊन माझे जुने फोटो पाहिले. पाठमोरी माणसं, दूरची माणसं, झूमने जवळ ओढलेली माणसं... एकही माझ्याकडे बघत नव्हतं. पुढच्या आउटिंगनंतर ग्रुप सोडायचा, असं ठरवून टाकलं. कॅमेरासुद्धा कपाटात जाणार होता बहुतेक.

आता पुढचं सांगण्याआधी — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फोटोत काही विचित्र दिसलं की मी आधी सेटिंग तपासते. हेही तसंच तपासलंय.

पुढची आउटिंग होती नंदनवनच्या मैदानावर, तान्ह्या पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. चाकांचे लाकडी नंदी सजवून आणतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, मग घरोघरी फिरवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. ग्रुपमधले सगळे तोरणाजवळच्या गर्दीत घुसले. मी नेहमीप्रमाणे मैदानाच्या कडेला.

तिथे एका स्कूटीच्या आडोशाला एक चिमुरडी उभी होती. हातात दोरी, दोरीला वीतभर उंचीचा नंदी. एका शिंगाला झेंडूचं फूल, दुसरं शिंग अर्धं तुटलेलं. तिची आई वैतागली होती.

"काहून उभी राहिली वं? सगळे पोट्टे गेले ना तिकडे!"

"मले नाही जायचं. हसतात सगळे."

आई कपाळावर हात मारून बाजूला झाली. मी दुरून लेन्स वळवली... आणि काकांचं वाक्य आठवलं. कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. जवळ गेले, तिच्यासमोर मातीत बसले.

"याचं नाव काय?"

"राजा."

"राजाचा फोटो काढू?"

तिने विचार केला. "फक्त त्याचा. माहा नाही."

मी राजाचे फोटो काढू लागले. मध्येच त्याचं चाक निखळलं आणि तो सरळ नाकावर बसला. ती खुदकन हसली. मीपण हसले, अगदी मोठ्याने. मला असं हसता येतं हे मी विसरले होते.

चाक बसवून देत असताना तिने विचारलं, "तुमचा फोटो कोण काढते?"

"कोणीच नाही."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग दोरी ओढत, वळूनही न बघता, रांगेत जाऊन उभी राहिली.

घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं. राजा, राजा, नाकावर बसलेला राजा. आणि त्याच्या पुढच्याच फ्रेममध्ये — मी.

मातीत बसलेली, तोंड भरून हसणारी. फोटो खालून घेतलेला, जमिनीपासून वीतभर उंचीवरून. कोपऱ्यात झेंडूचं फूल लावलेलं शिंग, धूसर. आणि माझ्या दोन्ही हातांत माझा कॅमेरा.

ग्रुपमधल्या कोणी काढला असेल? पण कार्ड माझंच, दिवसभर कॅमेऱ्यातच होतं. फाइलचे नंबर ओळीने लागलेले. कार्डांची अदलाबदल? माझ्या सेन्सरवर धुळीचा एक कण बसलाय, साफ करून घ्यायचं राहूनच गेलंय. त्यामुळे माझ्या प्रत्येक फोटोत आकाशात, डावीकडे वर, एक करडा ठिपका येतो. इथेही होता. म्हणजे हा फोटो माझ्याच कॅमेऱ्याने काढलेला. त्याच कॅमेऱ्याने, जो फोटोत माझ्या हातात दिसतोय.

त्या मुलीच्या हातात दोरीशिवाय काहीच नव्हतं.

मी घाबरायला हवं होतं. पण मी तो फोटो बघतच राहिले... कोणीतरी मला जवळून पाहिलं होतं, आणि त्याला मी आवडले होते, असं काहीतरी वाटत होतं.

रविवारी तीच प्रिंट नेली. माझी पाळी आली तसे काका ठेलेवाल्याला म्हणाले, "चला, टाका चहा!" मी प्रिंट टेबलावर ठेवली. माधुरीताईंनी उचलली. "अय्या, ही तू? केवढी गोड हसून राहिली वं!" काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाजवळ नेला. शिंग पाहिलं, कॅमेरा पाहिला, मग तो ठिपका. माझ्या ठिपक्यावरून ते मला कितीदा बोललेत. त्यांचा चेहरा बदलला.

"कोणी काढला गा हा?" त्यांनी सगळ्यांकडे पाहत विचारलं. प्रिंट हातोहात फिरली.

कार्ड मी नंतरही पुन्हापुन्हा तपासलं. सेन्सर मात्र मी अजून साफ करून घेतलेला नाही.

मी उभी राहिले. 

"कोणी काढला ते मला माहीत नाही, काका. पण मी तिथे होते."