मुलुंड ते गोराई, रिव्हर्स गिअरमध्ये

गोराईला कसं जायचं, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते: बोरिवलीला जा आणि लाँच धरा. खाडी ओलांडली की झालं. रस्त्याने वळसा लांबचा पडतो. तरीही माझी सगळ्यात लाडकी गोराईची ट्रिप रस्त्यानेच झाली. ती ऐंशीच्या दशकातली, दोन सीटच्या लाल विलायती गाडीतून.

गाडी सायमन अंकलची. ते गोराईचे, आणि माझा दादा, वसंत, ज्या कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, फिटर होता तिथेच पूर्वी बॉयलरवर होते. कुणा साहेबाने मागे ठेवलेली ती स्पोर्ट्स कार त्यांच्या अंगणात माडाच्या झापांच्या छपराखाली पडून होती. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. गिरणी बंद पडली आणि दादा घरी बसला, तेव्हा अंकल ती टेम्पोत घालून आमच्या मुलुंडच्या चाळीत घेऊन आले. म्हणाले, "माझ्या मेरीचं लगीन आहे. चर्चपासून घरापर्यंत तिला हिच्यातून न्यायची. तू कर."

गिरणी गेल्यानंतर दादाला कुणी दिलेलं हे पहिलं काम. "हे नाय जमलं ना सुमे, तर मी सरळ गावाला जाणार," असं त्याने मला सांगून टाकलं होतं, आणि तो उगाच बोलणाऱ्यांपैकी नाही.

मूळ इंजिनाचे पार्ट कुठून मिळणार? दादाने भंगारातून टॅक्सीचं इंजिन आणलं, तिचाच गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सलही. आणखी एक पंचाईत होती. गाडी इतकी बुटकी की गोराईच्या रस्त्यावर तिचं पोट घासलं असतं. टॅक्सीच्या अ‍ॅक्सलला स्प्रिंगचे पाटे खालून बसायचे, ते वर घेतले तर गाडी उंच होणार होती. म्हणून दादाने अख्खा अ‍ॅक्सलच उलथा केला, खालची बाजू वर. काय डोकं चाललंय याचं, असं म्हणून मीही खूश झाले.

आदल्या संध्याकाळी गाडी विटांवर चढवून इंजिन चालू केलं. दादाने गिरणीच्या सवयीने त्याच्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. आवाज गोल होता, थरथर नाही, मागची चाकं छान फिरत होती. ती कुठल्या दिशेला फिरतायत, हे मात्र कुणी बघितलं नाही. साचा चालतोय की नाही हे हाताने कळतं, तो कुठे जाणार नसतो!

लग्नाच्या दिवशी सकाळी नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी नवी साडी नेसून बाजूला बसले. दादाने पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे जाऊन नळावरच्या पिंपावर आदळली.

"रे, गाडी मागे कित्याक जाता?" आई ओरडली.

दुसरा टाकला, तरी मागेच. दादा उतरला, गाडीखाली वाकून बघितलं आणि तसाच बसून राहिला. अ‍ॅक्सल उलथा झाल्यावर चाकंही उलटी फिरणार, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. चार गिअर मागे जायला आणि पुढे जायला एकच, रिव्हर्स. सगळं खोलून पुन्हा बसवायला अख्खा दिवस गेला असता, आणि लग्न दुपारचं.

"वाट लागली. मी साच्यांचा माणूस, गाडीला हात लावायलाच नको होता," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघवेना. गिरणी बंद झाली त्या दिवशीही तो असा दिसला नव्हता.

"पुढे जाते ना? मग चल की," मी म्हटलं.

निघालो. रिव्हर्स गिअर किती कण्हतो ते कधी ऐकलंय? बोलणं अशक्यच होतं. पण साच्यांच्या गोंगाटात कामगार हातवाऱ्यांनी बोलतात, आणि दादा घरीही तसाच बोलायचा, त्यामुळे मला ते येत होतं. पंजा खाली म्हणजे हळू. बोट हवेत गोल फिरवलं म्हणजे स्पीड वाढव. मी दर दोन मिनिटांनी बोट फिरवायची आणि दादा हात जोडायचा.

पवईच्या तलावाशी एका सायकलवाल्या दूधवाल्याने आम्हाला ओव्हरटेक केलं, वर वळून दोनदा बघितलं. आरेत इंजिन तापलं. झाडाखाली थांबून रेडिएटरमध्ये पाणी घातलं, आईने दिलेले घावणे आणि लसणीची चटणी खाल्ली, बूथवरचं बाटलीतलं थंडगार दूध प्यायलो. (कुणी जाणार असाल तर आरेतून नक्की जा, आणि घाई करू नका.) बोरिवलीला हवालदाराने हात केला.

"ओ, मागे लाइन लागलीय! टॉप टाका की!"

"साहेब, हाच टॉप आहे," दादा म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

दहिसरचा नाका, भाईंदरची मिठागरं, मग उत्तन आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. पाटे बाकी झकास बसले होते. एवढे खड्डे गेले, पण पोट एकदाही घासलं नाही.

चर्चसमोर सायमन अंकल सूट घालून उभे होते. लाल गाडी बघून त्यांचे डोळे भरून आले. दादाने गप्प बसायला हरकत नव्हती. तो उतरला आणि म्हणाला, "अंकल, माझ्या हातून चूक झालीय. अ‍ॅक्सल उलटा बसलाय. पुढे फक्त रिव्हर्समध्ये जाते. मुलुंडपासून असाच आलोय."

अंकल सूटसकट वाकले, खाली बघितलं. मग त्यांना असं हसू फुटलं की पाद्रीबाबाही बाहेर आले.

"अरे वसंता, चर्चपासून घरापर्यंत बँड पुढे चालत जाणार. त्यांच्यापेक्षा जोरात गेलास तर मी तुला हाणीन!"

मेरी बसली, बँड वाजला, आणि दादाने आयुष्यातली सगळ्यात सावकाश गाडी चालवली. गाव दोन्ही बाजूंना उभं होतं. नंतर अंगणात फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि मटण जेवलो, आणि शेवटच्या लाँचने परत आलो. पुढच्या आठवड्यात दादाने गोराईला जाऊन अ‍ॅक्सल सरळ करून दिला. तो गावाला गेला नाही. चाळीमागे त्याचं गॅरेज झालं, आणि तिथे कुठलीही गाडी विटांवर चढली की आधी चाकाची दिशा बघायची, हा नियम झाला.

वर्षभराने माझं लग्न झालं. पाठवणीला दादाने तीच लाल गाडी आणली होती. आता चारही गिअर पुढे जाणारे, रस्ता मोकळा, आणि पुढे बँडही नव्हता. तरी दादाने पहिल्यावरून दुसरा टाकलाच नाही. इंजिन कण्हत होतं. भांडुप आल्यावर मी डोळे पुसले आणि बोट हवेत गोल फिरवलं.

दादाने बघितलं, आणि बघितलंच नाही असं केलं.