रिकाम्या खुर्च्यांसमोरचे सात बुधवार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची ही मुलगी बोलताना अडखळायची, आणि तेही नेमकं 'प'वर. 'पप्पा' म्हणता येईना म्हणून तिने लहानपणीच वडिलांना 'आबा' करून टाकलं होतं. पण प्रभूचं काय करणार? त्याला हाक मारायची तर तिथेच घोडं अडायचं. घरी जेवणाआधी आबा प्रार्थना करत आणि ही 'आमेन' म्हणून मोकळी होई. दर रविवारी चर्च होतं, वचनं तोंडपाठ होती; पण श्रद्धा आबांची होती, ही नुसती त्यांचं बोट धरून चालत होती.

फार्मसी शिकायला ती विद्यापीठात आली तेव्हा हॉस्टेलमधली, आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी तिला ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या फेलोशिपला घेऊन गेली. तिला सगळे ताई म्हणत. ग्रंथालयामागच्या खोलीत दर बुधवारी पाच वाजता बारा-तेरा जण गोल बसत, बायबल वाचत, त्यावर बोलत. पहिल्याच दिवशी ताईने विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

हिचं त त प प सुरू झालं. आता कोणीतरी आपलं वाक्य पुरं करणार, म्हणून सवयीने तिने आजूबाजूला पाहिलं. कोणीच केलं नाही. सगळे निवांत बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा तिचं वाक्य तिनेच संपवलं.

त्यानंतर दोन वर्षांत तिने एकही बुधवार चुकवला नाही. "देवाने माझी जीभ अशी का केली?" हा इतकी वर्षं गिळलेला प्रश्न तिने तिथेच विचारला.

ताईने शहाणपण पाजळलं नाही. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण त्याच्यावर राग असेल, तर त्यालाच सांग ना."

त्या आठवड्यात ती देवाशी कडाकडा भांडली. पाठ केलेला एक शब्दही त्यात नव्हता. भांडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण कोणाशी तरी बोलत होतो आणि तो ऐकत होता.

दुसरं वर्ष संपलं. ताई पदवी घेऊन निघाली; बाकीचे कोणी नोकरीला, कोणी दुसऱ्या गावी पांगले. जाताना ताईने खोलीची किल्ली हिच्या हातावर ठेवली.

"मी? माझं एक वाक्य संपेपर्यंत सभा संपेल!"

"मग लांबेल सभा," ताई हसून म्हणाली.

नव्या वर्षाच्या पहिल्या बुधवारी कोणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. ती खुर्च्या पुसायची, गोल मांडायची, दार उघडं ठेवायची. मग मोठ्याने वाचायची, मोठ्याने प्रार्थना करायची. समोर कोणी नसतानाही 'प्रभू' अडकायचाच. पण तिला आता घाई नव्हती, आणि त्यालाही नसावी. तरी पाचव्या बुधवारी मन खचलं. तिने आबांना फोन लावला.

"आबा, कोणीच येत नाही हो. बंद करू का?"

"अगं, लिफ्ट मी रिकामी असतानाच तपासतो," आबा म्हणाले. "माणसं चढायच्या आधी ती नीट चालायला हवी ना?"

आठव्या बुधवारी दारात एक मुलगी उभी राहिली. पहिल्या वर्षाची, भूगोलाची. तीन महिन्यांपूर्वी तिची आई गेली होती. "मला प्रार्थना वगैरे येत नाही," ती म्हणाली. "नुसतं बसलं तर चालेल?"

"प... पाहिजे तेवढा वेळ बस ना."

ती बसली, आणि थोड्या वेळाने रडली. हिने एकही उपदेश केला नाही, पाऊण तास शेजारी बसून राहिली. पुढच्या बुधवारी ती मैत्रिणीला घेऊन आली. वर्षअखेर एकोणीस खुर्च्या लागत होत्या, त्यातल्या चार शेजारच्या वर्गातून उचलून आणलेल्या.

वर्षाच्या शेवटच्या उपासनेला विद्यापीठाच्या सभागृहात घरची माणसं बोलावली होती. इस्त्रीच्या शर्टात आबा मागच्या रांगेत बसले. मुलगी आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला उभी राहिली आणि 'प'वर अडकली. अर्धं मिनिट गेलं. आबांच्या ओठांवर शब्द आला, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग तिने 'प्रभू' म्हटलं, अगदी स्पष्ट, आणि पुढची दहा मिनिटं अडखळत, थांबत, कोणालाही न घाबरता ती बोलली.

बाहेर पडताना आबांची छाती फुगली होती. वॉचमनने काही विचारलंही नव्हतं, तरी ते त्याच्यापाशी थांबले. "आत बोलली ना, ती माझी मुलगी."

आता ती एका इस्पितळात औषधाच्या खिडकीवर बसते. गोळी कोणती, कधी घ्यायची, हे ती सावकाश, एकेक शब्द सांगते. शेजारची खिडकी मोकळी असली तरी म्हातारी माणसं तिच्याच रांगेत उभी राहतात. फेलोशिप भूगोलवाली चालवते.