कथलाचा डाख

आखातातल्या मुसफ्फाच्या एका वर्कशॉपात खैरुद्दीननं तीस वर्षं गॅसचे सिलिंडर तपासले. पाणी भरायचं, दाब चढवायचा, काट्याकडं बघायचं. राजापूरकडचा गडी, हात लोखंडाचे, जीभ त्याहून कडक.

त्याला नाद लागला इंजिनाचा. एक इंग्रज इंजिनिअर नोकरी सोडून गेला, तो नकाशांची भेंडोळी याच्याकडं टाकून गेला. विलायतेतल्या ग्रेट सेंट्रल रेल्वेचं १९११ सालचं मालगाडीचं इंजिन, एट-के. पुढं दोन बारकी चाकं, मागं आठ मोठी. तेच दोन हात लांबीचं, खऱ्या वाफेवर पळणारं करायला खैरुद्दीननं बारा वर्षांच्या सुट्ट्या घातल्या. गावाकडून बायको हमीदा फोनवर म्हणायची, "त्या सवतीला विचारा, घरी कधी सोडते."

आता व्हिसा खलास. पुढच्या जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, विमान. त्याआधी रविवारी बागेत इंजिन एकदा पळवायचं, एवढीच त्याची आस. सोबतीला शेजारचा पुण्याचा सदानंद. आज बॉयलरची पाण्यावरची परीक्षा होती.

"खैरुभाई, वीस मिनिटं झाली, काटा हलला नाही! पास! आमच्या शुभ्राच्या सगळ्या मैत्रिणी येतायत रविवारी."

खैरुद्दीन म्हणाला, "आतला एक सांधा कथलाचा हाय, साहेब."

सहा वर्षांमागं बॉयलरच्या भट्टीच्या आतल्या कोपऱ्यात चांदीच्या डाखाला सुईएवढं भोक राहिलं होतं. ज्योत तिथवर पोचेना. चिडून त्यानं कथलानं बुजवलं, पुढं बघू म्हणून. थंड पाण्यात कथील टिकतं, विस्तवात आधी तेच वितळतं, आणि दाबाची वाफ भट्टीच्या दारातून बाहेर उसळते. आणि एकदा कथील लागलं की तिथं चांदी पुन्हा धरत नाही.

"हळू आगीवर एकच फेरी. कुणाला कळतंय?"

"तुमची पोरगी कुठं उभी राहणार? इंजिनाच्या पुढं का मागं?"

सदानंदनं खाली बघितलं. "नवा बॉयलर?"

"चार दिवसांत?"

वर्कशॉपचा रिवाज होता : बाद सिलिंडर भोक पाडल्याबिगर दाराबाहेर सोडायचा नाही, नाहीतर रंग मारून कुणीतरी तो परत भरतो. खैरुद्दीननं पाणीसुद्धा ओतून टाकलं नाही. बॉयलर तसाच ड्रिल मशीनखाली आवळला.

"अहो, थांबा तरी!"

तांबं मऊ. ड्रिल आरपार गेलं, पाणी त्याच्या पायांवर सांडलं. त्यानं मशीन बंद केलं आणि तांब्याचा कीस झाडूनं गोळा करायला घेतला.