दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं

एका विलायती रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमला आयुष्य वाहिलेला माणूस अख्ख्या बडोद्यात एकच, आणि तो माझा आतेभाऊ. पहिल्या अल्बमचं नाव काढलं की तो म्हणायचा, "त्यात पोरं घाबरलेली आहेत." तिसऱ्याचं काढलं की, "त्यात ती शहाणी झाली." दुसरा तेवढा अस्सल. त्यातला गायक गातो आहे की घरमालकाशी भांडतो आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. सुभानपुऱ्यातल्या त्याच्या घरी गेलेल्या माणसाची कॅसेटची एक बाजू पुरी ऐकल्याशिवाय सुटका नसे. मध्ये बोलायचं नाही; चहा प्यायचा, पण फुर्र न करता. मुलगी बघायलाही तो टेपरेकॉर्डर घेऊन गेला होता. तिनं पहिली बाजू निमूट ऐकली, म्हणून ती आमची वहिनी झाली. पंखा नेमका आपल्या डोक्यावर घरघरत होता, असं ती पुढे सांगे. कानाला वॉकमन लावून भाऊ खंडेराव मार्केटात गेला, की मेथीऐवजी हटकून भोपळा घेऊन येई.

मूळ कॅसेट सयाजीगंजातल्या हॉस्टेलमधल्या एका परदेशी विद्यार्थ्याची. तो मायदेशी निघाला होता आणि एका दुपारपुरती द्यायला कसाबसा तयार झाला. जोडायला वायर नव्हती. तेव्हा भावानं दोन टेपरेकॉर्डर विहिणींसारखे समोरासमोर बसवले. एकावर गाणी लावायची, दुसऱ्यावर भरून घ्यायची. घरात संचारबंदी, कुकरलाही बंदी. सगळं नीट चाललं होतं. दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्यात ड्रम अचानक थांबतात. नेमक्या त्या शांततेत स्वयंपाकघरातून आत्यानं बडोद्याच्या गुजराती वळणानं हाक मारली, "अरे, जेवून घे ने, वरण निवतंय."

उत्तर दिलं असतं तर तेही भरलं गेलं असतं, म्हणून हा दातओठ खात गप्प राहिला. दोन दिवस आत्याशी बोलला नाही. तोवर विद्यार्थी कॅसेटसकट विमानात बसला होता. मग भावानं भरलेल्या कॅसेटच्या नकला मित्रांत फिरल्या. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पोरांनी ते गाणं वाजवलं, तेव्हा ड्रम थांबताच एकानं माइकवर गंभीरपणे "वरण निवतंय" म्हणून घेतलं. भावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही वर्षांनी आत्या गेली. मित्रांनी आपापल्या नकलांवर एव्हाना सिनेमाची गाणी भरली होती. फोटो पुष्कळ होते, पण तिचा आवाज म्हणून जगात तेवढं एकच वाक्य उरलं, आणि फीत तर झिजत चाललेली. भावानं कॅसेट कपाटात ठेवली. वर्षातून एकदाच, आत्याच्या तिथीला, बाहेर काढायची असं ठरवलं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सीडी आल्या, तेव्हा पुण्याहून मी तो अल्बम मोठ्या हौशीनं आणून दिला. वाटलं, एवढ्या वर्षांचा डाग एकदाचा धुतला जाईल. भावानं तो शिस्तीत ऐकला. ते गाणं आलं, ड्रम थांबले, पुन्हा सुरू झाले. त्यानं सीडी बंद केली.

"अपुरा आहे," म्हणाला. मला माझ्या हौशीची लाज वाटली.

मग तिथी नसतानाही त्यानं कपाटातून कॅसेट काढली. खरखर फार वाढली होती. ड्रम थांबले आणि आत्यानं जेवायला बोलावलं.

"आलो, आई," टक्कल पडलेला माझा भाऊ हळूच म्हणाला.

ड्रम पुन्हा सुरू झाले.