करंजावरची नोटीस

मोरूभाऊ गेले तेव्हा मी झाडाच्या सुनावणीसाठी त्यांच्याच नावाचा दुसरा अर्ज लिहीत होतो. ‘हरकतदार’ या शब्दापर्यंत आलो आणि फोन वाजला. जनीवहिनी एवढंच म्हणाल्या, “मास्तर, हे गेले...” सकाळचा चहा झाला, छातीत कळ आली, संपलं. सुनावणी पुढे ढकलली गेली. आता ती उद्या आहे आणि मला दोन दिवस जेवण जात नाही.

पालघरात सातपाटी रस्त्याला एक जुना करंज आहे. सातपाटी सोडून इथे राहायला आल्यापासून मोरूभाऊ त्याच्या सावलीत, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, फाटकी जाळी सांधत बसायचे. मी शेजारी बसून पेपर वाचायचो आणि जगाला नावं ठेवायचो. रस्ता रुंद करायचं ठरलं, करंजावर नोटीस ठोकली गेली. झाड तोडायला हरकत असेल तर सात दिवसांत लेखी कळवा. मी तेव्हा मुलीकडे बोईसरला होतो. मोरूभाऊ तिथे येऊन अर्ज लिहून घेऊन गेले. मी म्हटलं, नोटीस वाचून बाकीचेही लिहितील, काळजी नको.

आठव्या दिवशी परतलो तर हरकत एकच. नोटीस कुणी पाहिलीच नव्हती! मोरूभाऊंनी मला घरात नेलं आणि पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, जाळ्याच्या दोऱ्याने घट्ट बांधलेली. आत नोटीस, लावली त्याच दिवशी काढलेली.

“सरकारचा कागद हाय, मास्तर. भिजला असता. आनि जित्या झाडाला खिळा मारलेला... मना बघवला नाय.”

सरकारी नोटीस काढली म्हणजे गुन्हा, कुणाजवळ बोलू नका, असं मी दरडावलं. मग रोज संध्याकाळी ते यायचे, चप्पल न काढता दारातच उभे राहायचे. “सायबाला सांगून टाकू काय?” मी रोज नको म्हणायचो. शहाणपणा माझा, झोप त्यांची उडाली. ती काळजीच त्यांना घेऊन गेली का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारायचं धाडस नाही.

बाराव्याला वहिनींनी ती पिशवी माझ्या हातात दिली. ही दाखवली तर नोटीस नव्याने लावा म्हणता येईल, पण मोरूभाऊंनी ती काढली हेही कागदावर येईल. मी चाचरत तसं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “लोक नाव ठेवतील तं ठेवू दे. झाड ऱ्हाऊ दे.”

आज दुपारभर त्या दोऱ्याची गाठ सोडवत बसलो. सुटली नाही. कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. उद्या पिशवी आहे तशीच साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि गप्प बसा असं मीच म्हणालो होतो, तेही सांगणार आहे.