डाव्या हाताचं श्रीफळ

भास्कर गुरुजींशी माझी खरी ओळख शिमग्यात झाली. तोवर ते मला निवृत्त शिक्षक आणि गावातल्या शिमग्याची सोंगं लिहिणारे म्हणूनच ठाऊक होते. त्या दुपारी त्यांनी माझा सत्कार केला.

त्याआधी झालं होतं असं. चौलजवळच्या आमच्या गावात वाड्यांतले नारळ चोरीला जात होते. माडावर चढून नारळ उतरवणारा गणू एका सकाळी भरलेली गोणी नेताना दिसला. लोकांनी त्याला देवळासमोरच्या खांबाला बांधलं. मीही दोन काठ्या हाणल्या; एक त्याच्या उजव्या मनगटावर बसली. गोणी वाडीच्या मालकानेच पोहोचवायला दिली होती, हे संध्याकाळी कळलं. गावकीने ठरवलं, कोणी काही पाहिलेलं नाही.

शिमग्यात गुरुजींनी 'गुणिजनांचा सत्कार' हे सोंग आणलं. अध्यक्ष तेच. माझं नाव पुकारलं, आणि मी वेडा, केस सारखे करून पुढे गेलो! शाल घेतली, श्रीफळ घेतलं, सगळ्यांना नमस्कारही केला. मग गुरुजींनी मानपत्र वाचलं: "बांधलेल्या माणसावर न डगमगता काठी चालवणाऱ्या या वीरास, पुराव्याची वाट न पाहिल्याबद्दल." लोक पोट धरून हसले. दुसरं नाव पुकारलं तेव्हा हसणं थांबलं. तिसऱ्या नावाला कोणी उठलंच नाही.

मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. ओटीवर गुरुजी गणूला डाव्या हाताने सही करायला शिकवत होते.  तरी म्हणालो, "गुरुजी, माझी अब्रू काढलीत."

"हाय ना अजून थोडी? मग ती घेऊन उद्या चौकीत चल."

ते माझ्यासोबत आले, माझा जबाब पुरा होईपर्यंत बाकावर बसून राहिले. खटला अजून चालूच आहे. गावकीने त्यांची सोंगं मात्र लगेच बंद केली. गणू पुन्हा माडावर चढला नाही. मला माझ्या त्या काठीची लाज वाटते, आजही.

आता आम्ही काही जण गुरुजींच्या पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव करतो आहोत. त्यासाठी त्यांची एकच अट आहे: श्रीफळ गणूच्या हातून घेईन. आमच्या समितीत कोणीतरी कुरकुरलं, "डाव्या हातानं नारळ? बरा दिसत न्हाय."

"मग त्याचा उजवा आणून द्या," गुरुजी म्हणाले.

गुरुजींना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हे मी रीत म्हणून लिहीत नाही, भीतीपोटी लिहितो. ते नसतील तेव्हा आम्हाला आमचं मानपत्र वाचून दाखवणारं कोणी उरणार नाही, आणि आमचे हात अजून धडधाकट आहेत.