सासऱ्यांच्या मशीनची शिट्टी

माझ्या सासऱ्यांच्या कानाचं मशीन चांगलं चालत होतं, फक्त शिट्टी मारायचं. ती शिट्टी मी बंद केली. (आवाजासकट!)

त्या दिवशी मूल या गावी, माझ्या सासुरवाडीत, आरमोरीचे पाहुणे मेहुणीला बघायला येणार होते. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोघांचं आधीच पसंत. भीती एकच, सासऱ्यांची! मूलच्या तांदळाला कुणी नावं ठेवली की ते ताटावरून उठतात. मागचं स्थळ भाताच्या दुसऱ्याच घासाला परत गेलं होतं.

त्यात पाहुण्यांसमोर शिट्टी नको, म्हणून मी सरसावलो. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. (म्हणजे अर्धा.) कानात बसणारा साचा मशीनपासून सोडवला, मळ काढला, साबणाच्या पाण्यात धुतला. ‘नीट वाळवा’ हे उरलेल्या अर्ध्यात असावं. मी तो ओलाच जोडला. शिट्टी बंद!

सासरे म्हणाले, "आता तं काहीच ऐकू नाई येऊन राह्यलं."

मग नवा सेल टाकला. तरी शांतता. सेलावरचा स्टिकर आधी सोलायचा असतो, हे मला कुठे ठाऊक! तेवढ्यात अंगणात गाडी थांबली.

जेवताना मुलाचे वडील सहज बोलून गेले, "तुमच्या मूलचा तांदूळ आमच्या आरमोरीसारखा नाई बा."

मेहुणीच्या हातातलं वरण हिंदकळलं. सासऱ्यांनी पाहुण्याकडे प्रेमानं पाहिलं आणि मान डोलावली.

"हो, हो. बराबर हाये."

पाहुण्याला चेव आला. मूलच्या तलावातली मासोळी, मूलचा बाजार, मूलचे रस्ते, कशालाच त्यांनी सोडलं नाही. सासऱ्यांचं प्रत्येकाला तेच, बराबर हाये! निघताना मुलाची आई सासूबाईंना म्हणाली, असा शांत माणूस जन्मात पाहिला नाही, सोयरीक पक्की समजा. सासूबाईंना जोराचा ठसका लागला.

पाहुणे गेल्यावर माझ्या बायकोनं स्टिकर सोलला, साचा झटकून कोरडा केला आणि मशीन वडिलांच्या कानात बसवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तांदळाचं काय म्हणून राह्यला होता गा तो?"

"तारीफ करत होते," मी म्हणालो.

लग्न थाटात झालं. आता आरमोरीचे व्याही येणार म्हटलं, की सासूबाईंचा मला आदल्या दिवशीच फोन येतो, "जवाईबापू, मशीन जरासं दुरुस्त करून जा ना."